गहू सोडला, बरेही वाटले. पण तपासणी राहून गेली. फॉडमॅप आहाराबद्दल सल्ला हवा आहे

इंद्रायणीकाठ (प्रश्न):

नमस्कार. माझे वय ४१ असून मी पुण्यात एका बँकेत नोकरी करते. गेली चार वर्षे पोट फुगणे, जेवणानंतर तासाभरात कळ येणे आणि दिवसाआड जुलाब होणे असा त्रास आहे. सकाळी घरातून निघण्यापूर्वी तीन वेळा शौचास जावे लागते आणि ऑफिसच्या वाटेवर कुठे कुठे बरे स्वच्छतागृह आहे हे मला आता तोंडपाठ झाले आहे. सोनोग्राफी, थायरॉइड आणि रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या व्यवस्थित आल्यावर पोटविकारतज्ज्ञांनी आयबीएस (तपासण्यांत दोष दिसत नाही, पण पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी राहतात असा आतड्याचा विकार) असे निदान केले आणि कमी फॉडमॅपच्या आहाराचा एक झेरॉक्स कागद हातात दिला. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि पुढे आंबून वायू करणाऱ्या काही शर्करा. त्यावर कांदा, लसूण, गहू, दूध, डाळी, फ्लॉवर, आंबा, सफरचंद आणि मध बंद, एवढेच लिहिले आहे. किती दिवस बंद, त्याऐवजी काय खायचे आणि यातले पुन्हा काय व केव्हा सुरू करायचे, याबद्दल एक अक्षर नाही. बाहेर पुढचे रुग्ण ताटकळत होते, त्यामुळे मीही विचारले नाही.

सगळे एकदम सोडणे जमणार नाही म्हणून मी आधी गहू सोडला. आज सोळा दिवस झाले, डब्यात ज्वारीची भाकरी नेते आणि पोट खरोखरच निम्म्याने शांत आहे. त्या आनंदात बहिणीला फोन केला, तर ती म्हणाली की गहू सोडण्यापूर्वी सिलिॲकची तपासणी करायला हवी होती. आता ती करून उपयोग आहे का?

दुसरी अडचण स्वयंपाकघराची आहे. घरात पाच माणसे आहेत, बहुतेक स्वयंपाक सासूबाई करतात आणि माझ्यासाठी रोज वेगळे पातेले चढवणे त्यांना सांगवत नाही. आम्ही शाकाहारी आहोत, त्यामुळे डाळी गेल्या तर प्रथिने कुठून आणायची हाही प्रश्न आहे. एक गोष्ट मात्र लक्षात आली आहे, ती नोंदवते. कांदेनवमी झाली की आमच्या घरात चार महिने कांदा-लसूण येत नाही आणि त्या काळात माझे पोट दरवर्षी बरे असते. आजवर मी त्याचे श्रेय श्रावणातल्या हलक्या जेवणाला देत आले.

निवृत्त फिजिशियन:

तुमच्या बहिणीचे म्हणणे योग्य आहे आणि बाकी सर्व गोष्टींपेक्षा हे आधी मार्गी लावा. सिलिॲक आजारात गव्हातील ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. त्याची प्राथमिक रक्ततपासणी (टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए) शरीर ग्लूटेनला देत असलेला प्रतिसाद मोजते. गहू बंद केल्यावर हा प्रतिसाद हळूहळू ओसरतो, म्हणून बराच काळ गहू सोडलेल्या माणसाचा अहवाल आजार असूनही नकारात्मक येऊ शकतो. तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे दिवसातून एकाहून अधिक जेवणांत ग्लूटेन असावे, अशी ब्रिटनच्या नाइस या संस्थेची शिफारस आहे. तुमचे सोळाच दिवस झाले आहेत, त्यामुळे लगेच रक्त द्यायचे की पुन्हा काही आठवडे पोळ्या खाऊन द्यायचे, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. गहू पुन्हा सुरू करणे अगदीच असह्य झाले, तर एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकीय तपासणी आहे. ती आहारावर अवलंबून नसते. दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ बाद ठरतो, मात्र असतील म्हणून तो आहेच असे सिद्ध होत नाही.

गहू सोडून बरे वाटले म्हणजे ग्लूटेनच दोषी, असे समजू नका. गव्हात फ्रुक्टॅन नावाची एक साखळीदार शर्कराही असते. ती आपल्यापैकी कोणाच्याच लहान आतड्यात पचत नाही, तशीच मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथले जिवाणू ती आंबवून वायू तयार करतात. ज्यांचे आतडे संवेदनशील आहे त्यांना तो ताण कळ होऊन जाणवतो, इतरांना जाणवतही नाही. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या गटाने २०१३ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला होता. ग्लूटेन सोसत नाही असे सांगणाऱ्या, पण सिलिॲक नसलेल्या ३७ जणांना आधी कमी फॉडमॅपच्या आहारावर ठेवले आणि मग त्यांच्या नकळत ग्लूटेन दिले. ग्लूटेनचा असा वेगळा परिणाम त्यांच्यात दिसला नाही. हा फरक तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण सिलिॲकमध्ये चिमूटभर मैदाही आयुष्यभर चालत नाही, तर फ्रुक्टॅनचा त्रास असणाऱ्याला एखादी पोळी बहुधा सोसते.

शौचातून रक्त जाणे, विनाकारण वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग यांपैकी काही असेल, तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी पुढील तपासण्या करा.

भाकरतुकडा:

इंद्रायणीताई, तुम्हाला मिळाला तसाच कागद मलाही मिळाला होता आणि त्यावर तारीख नसल्यामुळे मी आठ महिने वाया घालवले. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण या यादीला पथ्य म्हणतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. पथ्य म्हटले की आपल्या डोक्यात मधुमेहाची साखर किंवा रक्तदाबाचे मीठ येते, म्हणजे एकदा सोडले की सोडलेच. हा आहार मात्र तपास आहे. २००५ च्या सुमारास मोनाशच्या संशोधकांनी तो मांडला आणि त्याचे तीन टप्पे सांगितले जातात. दोन ते सहा आठवडे सर्व संशयित एकदम बाजूला ठेवायचे, मग सहा-आठ आठवडे एकेकाला परत बोलावून त्याची उलटतपासणी करायची आणि शेवटी जो खरा दोषी ठरेल तेवढाच मर्यादेत ठेवायचा. पहिल्या टप्प्यात बरे वाटल्यामुळे मी तिथेच तळ ठोकला. परिणामी सात किलो वजन गेले, बी-१२ तळाला पोहोचले आणि लग्नाकार्यांना जाणे मी बंद केले, कारण पंगतीत भात आणि काकडी एवढेच माझ्या पानात पडे. नंतर आहारतज्ज्ञ बाईंनी समजावले की या शर्करा आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचे, विशेषतः बिफिडोबॅक्टेरियाचे, खाद्य आहेत आणि ते विनाकारण दीर्घकाळ तोडणे इष्ट नाही.

परत आणण्याची पद्धत अशी होती. बाकी आहार तसाच कडक ठेवायचा आणि एका वेळी एकाच जातीची शर्करा तपासायची. दुधापासून सुरुवात केली: पहिल्या दिवशी अर्धा कप, दुसऱ्या दिवशी पाऊण, तिसऱ्या दिवशी पूर्ण कप, आणि मग तीन दिवस विश्रांती. त्यानंतर गहू, लसूण, कांदा हे वेगवेगळे, कारण तिन्हींत फ्रुक्टॅन असले तरी प्रमाण सारखे नसते. पुढे राजमा, फ्लॉवर आणि मध. वहीत वेळ, प्रमाण आणि पोटाची स्थिती लिहीत गेलो. निकाल असा लागला की दूध निर्दोष, गव्हाच्या दोन पोळ्या निर्दोष (तिसरी नाही), लसूण थोडा सोसतो आणि कांदा हा पक्का गुन्हेगार. म्हणजे आठ महिने मी चहा कोरा प्यायलो तो उगाचच.

चातुर्मासाचे तुमचे निरीक्षण माझ्या मते फार मोलाचे आहे. तुमच्या घराने दरवर्षी तुमच्यावर अर्धा प्रयोग करून ठेवला आहे. पोळी, दूध आणि डाळी त्या चार महिन्यांतही चालू असणार, तरी पोट बरे असते, म्हणजे संशय कांदा-लसणाकडे जास्त झुकतो. डॉक्टरांना हे अवश्य सांगा.

सुगरण_नाशिक:

तपासण्यांचे वर जाणकारांनी लिहिलेच आहे, मी फक्त स्वयंपाकघरापुरते लिहिते. माझ्या मुलीसाठी हे सर्व केले आहे.

वेगळे पातेले चढवायची गरज फारशी पडत नाही. फ्रुक्टॅन पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही, एवढी एकच गोष्ट सासूबाईंना सांगा. ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या तेलात मंद आचेवर तांबूस होऊ द्यायच्या आणि झाऱ्याने एकूण एक काढून घ्यायच्या. मग त्याच तेलात मोहरी, जिरे, हळद घालून फोडणी करायची. स्वाद राहतो, त्रास पाकळ्यांबरोबर बाहेर जातो. मात्र आमटीत लसूण शिजवून नंतर पाकळ्या वेचून टाकल्या तर काही उपयोग नाही, कारण जे विरघळायचे ते रसात विरघळलेले असते. असे तेल ताजेच करावे. लसूण घातलेले तेल बाहेर साठवून ठेवल्यास त्यात घातक जिवाणू वाढू शकतात. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग वापरावा, खालचा पांढरा भाग बाकीच्यांच्या भाजीत जाऊ द्यावा.

गोडा मसाला बहुतेक घरांत कांदा-लसणाशिवायच असतो, त्यामुळे आमटी-भाजीची चव कुठे जात नाही. कांदा-लसूण मसाला आणि विकतचे तयार मसाले मात्र पाकिटावरचा मजकूर वाचल्याशिवाय घेऊ नका. हिंगाचेही तसेच आहे. बांधानी हिंगात मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते, म्हणून सिलिॲकचा निकाल लागेपर्यंत गहू नसलेले हिंग शोधा. चिकोरी मिसळलेल्या कॉफीतही फ्रुक्टॅन असते, हे आम्हाला फार उशिरा समजले.

डाळी पूर्ण बंद करू नका. मुगाची डाळ तीन-चार तास भिजवून ते पाणी फेकायचे आणि ताज्या पाण्यात शिजवून लहान वाटीभरच घ्यायची. शेंगदाणे बहुतेकांना चालतात. उपासाला करतो ती शेंगदाण्याची आमटी, साधा भात आणि वर फरसबीची भाजी, हे माझ्या मुलीचे सहा आठवड्यांतले आवडते जेवण होते. घट्ट टोफू चालतो आणि लॅक्टोजविरहित (दुधातली साखर काढलेले) दूध आता शहरांत मिळते. तुपात लॅक्टोज नगण्य असते, ते सोडू नका. केळे घेताना काळे ठिपके पडलेले टाळा, किंचित कडक असलेले बरे.

साधासरळ:

माझे मत थोडे वेगळे आहे. एवढा खटाटोप करण्यापूर्वी साध्या गोष्टी करून पाहिल्या का, हे कोणीच विचारलेले दिसत नाही. वेळेवर आणि सावकाश जेवणे, चहा-कॉफी मिळून दिवसाला तीन कपांवर न जाणे, तळलेले व तिखट कमी करणे, एका बैठकीत भरपूर न खाणे, हा सल्लाही आयबीएससाठी दिला जातो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात ७५ रुग्णांपैकी काहींना असा पारंपरिक सल्ला आणि काहींना कमी फॉडमॅपचा आहार दिला होता. दोन्ही गटांत जवळपास निम्म्या लोकांना आराम पडला आणि दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. बँकेत काउंटरवर असाल, तर तीन वाजता दहा मिनिटांत उरकलेले जेवण आणि चार कप चहा यांचा हिशेब आधी मांडा. मला स्वतःला इसबगोल आणि जेवणाची ठरलेली वेळ यांनीच पुरेसा फरक पडला. कांदा मी आजही खातो.

भाकरतुकडा:

साधासरळ यांचा मुद्दा मान्य आहे. ज्यांचे वजन मुळात कमी आहे किंवा ज्यांना खाण्याची धास्ती बसलेली आहे, त्यांनी तर साध्या उपायांवरच थांबावे. परंतु ताईंच्या बाबतीत चातुर्मासाचा पुरावा इतका ठळक आहे, की कांदा-लसणाची नीट तपासणी टाळणे मला पटत नाही.

इंद्रायणीकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. काल डॉक्टरांना फोन केला. सोळा दिवस हा काळ थोडा असला, तरी अहवालाबद्दल शंका राहू नये म्हणून सहा आठवडे रोज दोन्ही जेवणांत पोळी खाऊन मगच रक्त द्या, असे त्यांनी सांगितले. चातुर्मासाचे ऐकल्यावर ते क्षणभर थांबले आणि हे आधी का सांगितले नाही, असे विचारू लागले. मला कोणी विचारलेच नव्हते, हे मी मनातच ठेवले.

या सहा आठवड्यांत चहा पाचवरून तीनवर आणणार आहे आणि जेवणाची वेळ दीड अशी व्यवस्थापकांकडून लेखी मागून घेतली आहे. त्यानेच भागले तर उत्तम. नाही भागले, तर अहवालानंतर आहारतज्ज्ञांकडे जाऊन पहिला टप्पा चार आठवड्यांचा करीन आणि तो संपण्याची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल शाईने लिहून ठेवीन.

सासूबाईंना लसणाच्या तेलाचे सांगितले, तर त्या म्हणाल्या, ‘‘यात नवीन काय? तुझे सासरे पाकळ्या दाताखाली आल्या की ताट सरकवायचे, तेव्हा मी अशीच फोडणी करायचे.’’ उद्यापासून पुन्हा डब्यात पोळी.