सम सोडा, क्लावे धरा

काँगा, म्हणजे हातानं वाजवायचा उंच क्यूबन ढोल, शिकताना “व्हिडिओ बघून हात बसतो, ताल बसत नाही” ही तुमची तक्रार पटली. मीही इथं कोल्हापुरात ढोलकीवरून काँगाकडं वळलो आणि घोडं समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच अडलं. तुंबाओत, म्हणजे काँगाच्या चार मात्रांच्या नेहमीच्या ठेक्यात, पहिल्या मात्रेवर डाव्या तळव्याचा नुसता दबका आवाज. खुले ठोके दोन, चौथ्या मात्रेवर आणि तिच्या अर्ध्यावर. आपला हात मात्र समेवर जोर द्यायला शिवशिवतो! म्हणून आठवडाभर काँगाला हात न लावता टाळीनं सोन क्लावे, म्हणजे क्यूबन संगीताचा आधाराचा ठेका, धरा: दोन मापांत पाच ठोके, आधी तीन, मग दोन. मग व्हिडिओतला धडा निम्म्या वेगानं लावा. स्लॅपची, म्हणजे कडक वाजणाऱ्या थापेची, घाई नको, बोटं सुजतात. माझा स्लॅप ऐकून शेजारचे काका अजून विचारतात, “कुस्तीचं मैदान कुठं हाय रं?”