टाकीचं पाणी बदलायला पंप घेताना ताशी लिटर बघू नका, चढ बघा

काचपेटी

माझी माशांची टाकी २०० लिटरची आहे. दर आठवड्याला ६० लिटर पाणी बदलते. म्हणजे १५ लिटरच्या चार बादल्या काढायच्या आणि चार ओतायच्या. काही वर्षं हे केल्यावर पंप घेतला. खोक्यावर दोन आकडे होते: ताशी १००० लिटर आणि कमाल चढ, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते, २ मीटर. मी पहिला आकडा बघून हिशोब मांडला, की चार मिनिटांत काम होईल. प्रत्यक्षात लागली चौदा मिनिटं.

पंप खराब नव्हता, माझा हिशोब चुकला होता. ते १००० लिटर शून्य चढाचे असतात. पाणी २ मीटर चढवायला गेलं की हाच पंप नुसता गुणगुणतो आणि थेंबही देत नाही. या दोन टोकांच्या मध्ये आपण कुठेतरी असतो. नव्या पाण्याचा माझा ड्रम जमिनीवर, टाकीचा काठ त्यातल्या पाण्यापासून मीटरभर वर. निम्मा जोर तिथेच गेला. उरलेला पाइपने खाल्ला, कारण १० मीटर लांब आणि आतून जेमतेम १२ मिलिमीटरचा पाइप जोडला होता. तेवढंच पाणी निम्म्या व्यासातून ढकलायचं तर घर्षण साधारण तीसपट वाढतं. तोच पंप ठेवून २० मिलिमीटरचा पाइप लावला आणि आठ मिनिटांत ६० लिटर भरले.

म्हणून माझं मत: आपल्याला लागणारा चढ मोजा आणि कमाल चढ त्याच्या निदान दुप्पट असलेला पंप घ्या. चढ मोजताना ड्रम जवळजवळ रिकामा झालाय असं धरा, कारण पातळी उतरेल तसा चढ वाढतो. पाइप जाड आणि होईल तेवढा आखूड ठेवा. आणि पंप फक्त भरायला वापरा. उपसायला सायफनच बरा, म्हणजे पाण्याने भरलेली नळी, जिच्यातून पाणी आपोआप खालच्या बाजूला वाहतं. रेतीत नळी खुपसली की हलकी घाण वर जाते आणि जड रेती खाली बसते. पंपाला हा फरक कळत नाही.

दोनबादल्या

पंपच कशाला? माझी टाकी ६० लिटरची. आठवड्याला १५ लिटर, म्हणजे एक बादली. त्यासाठी वायर, पाइप, पंप धुणं, वाळवणं हा व्याप कुणी करावा?

मोठ्या टाकीसाठीही पंपाला माझा विरोधच आहे, आणि कारण वेगळं आहे. बादली ओतताना तिच्यात हात जातो. पाणी गार आहे की कोमट, नळाच्या पाण्यातलं क्लोरिन काढायचं औषध टाकलंय की राहिलंय, हे दर १५ लिटरला तपासलं जातं. पंप चालू केला की माणूस दुसऱ्या कामाला लागतो. माझ्या ओळखीत एकाने क्लोरिन न काढलेला अख्खा ड्रम असा टाकीत चढवला. संध्याकाळपर्यंत मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. बादली असती तर पहिल्याच बादलीला वास आला असता.

चारफुटी

काचपेटी, चढाबद्दल पूर्ण सहमत. सायफनबद्दल मात्र अजिबात नाही.

सायफनला पाणी सोडायची जागा टाकीतल्या पातळीच्या खाली लागते. माझी टाकी दुमजली स्टँडच्या खालच्या कप्प्यात आहे. तिच्यातल्या पाण्याची पातळी गुडघ्याएवढी आणि पाणी सोडायचं सिंक कमरेएवढं. कितीही नळी भरून घ्या, पाणी वर चढणार नाही. माझ्यासारख्याला उपसायलाही पंपच हवा. रेती आधी नळीने बादलीत साफ करतो, मग पंपाच्या तोंडाला जाड स्पंज बांधून उरलेलं पाणी काढतो. अजून एकही पिल्लू आत ओढलं गेलेलं नाही.

आणि दुप्पट चढ कमी आहे. मी सरळ मोठा पंप घेतला आणि डिलिव्हरीच्या, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपला व्हॉल्व्ह लावला. हवा तेवढा दाबायचा. जास्तीची ताकद कमी करता येते, नसलेली आणता येत नाही.

काचपेटी

चारफुटी, खालच्या कप्प्याचा विचार मी केलाच नव्हता. ते मान्य. "फक्त भरायला" हा माझा नियम मागे घेते, टाकी उंचावर असेल तरच तो लागू.

मोठ्या पंपाशी मात्र अजून पटत नाही. मोठा पंप ड्रम भराभर रिकामा करतो. या पंपांच्या आतल्या पात्याला पाणीच वंगण आणि पाणीच थंडावा. दोन-चार मिनिटं कोरडा फिरला तरी दांडा झिजायला लागतो. शिवाय धार थेट रेतीवर पडली की खड्डा पडतो आणि नुकतीच लावलेली रोपं तरंगतात.

दोनबादल्या, तुमची तपासणी मला पंपामुळेच नीट जमते. ड्रममध्ये क्लोरिन काढायचं औषध टाकते, पाइपचं तोंड ड्रममध्येच सोडते आणि पंप दहा मिनिटं फिरवते. औषध सगळीकडे सारखं मिसळतं. मग थर्मामीटर लावते, टाकीच्या पाण्याशी अंश-दीड अंशाच्या आत आलं की मगच पाइप टाकीत. चार बादल्यांमध्ये चार वेगळी तापमानं व्हायची, ते आता होत नाही.

दोनबादल्या

ड्रममध्ये फिरवण्याचा मुद्दा चांगला आहे, हे मनापासून म्हणतो. पण पाणी नुसतं रात्रभर ठेवून क्लोरिन जाईल या भरवशावर कुणी राहू नये. नळाच्या पाण्यात क्लोरिनऐवजी क्लोरामिन असेल तर ते तसं उडत नाही, औषध लागतंच. आणि १५ लिटरसाठी माझी बादलीच.

कोळंबीपाळ

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. मोठा पंप घ्या म्हटलं की लोक विहिरीचा किंवा सांडपाण्याचा पाणबुडी पंप उचलून आणतात. अशा काही पंपांच्या मोटरमध्ये तेल असतं आणि सील गेला की ते पाण्यात उतरतं. पितळी जोड असतील तर त्यातून तांबं सुटू शकतं. माशांना ते एक वेळ चालेल, कोळंबी आणि गोगलगाईंना फार थोडं तांबंही घातक. टाकीसाठी बनवलेला, चुंबकावर फिरणारा, सिरॅमिक दांड्याचा प्लास्टिक पंपच घ्यावा. तो कमी ताकदीचा निघाला तर पाइप जाड करा. काचपेटींच्या आठ मिनिटांनी तेच दाखवलंय.

नितळ

चारफुटींचा व्हॉल्व्ह योग्य आहे, पण तो डिलिव्हरीलाच. ओढणाऱ्या बाजूला कधी आवळू नका. आणि उपसायचा पंप तोच भरायला वापरणार असाल तर मध्ये धुवा. दोन टाक्यांत एकच पंप फिरवला तर एकीचा रोग दुसरीकडे जातो.

मला जास्त काळजी आहे ती तुमच्या हातांची. पंप पाण्यात, हीटर पाण्यात आणि तुमचा हात पाण्यात. तिन्ही एका वेळी नको. ३० मिलिअँपिअरचा विजेची गळती ओळखणारा स्विच लाइनवर असलाच पाहिजे. हीटर आधीच बंद करून थंड होऊ द्या, नाहीतर पाणी उतरल्यावर तापलेली काच तडकते. नवीन घेणाऱ्याला मी २४ व्होल्टचा डीसी पंप सुचवेन. वेग कमीजास्त करता येतो, त्यामुळे मोठा की लहान हा वाद बराचसा मिटतो.

चारफुटी

डीसीचा पर्याय मान्य, पुढचा पंप तोच. काचपेटी, धारेसाठी मी बशी पाण्यात धरतो आणि तिच्यावर पाणी सोडतो. रेती हलत नाही. तरी मोठा पंप हवाच, कारण ड्रम दुसऱ्या खोलीत आहे आणि माझा पाइप १६ मीटरचा आहे.

काचपेटी

१६ मीटरला तुमचंच बरोबर. माझा दुप्पटचा आकडा ८-१० मीटरपर्यंतच धरावा.

बशीसोबत एक काळजी घ्या. पाइपचं तोंड पाण्यात बुडलेलं असताना पंप बंद केला तर उलटा सायफन लागतो आणि टाकीतलं पाणी ड्रममध्ये परत यायला लागतं. माझी टाकी अशी २० लिटरभर उतरली आणि ड्रम काठोकाठ भरला. आता पाइपला भरलेल्या पातळीच्या किंचित वर एक बारीक भोक पाडलंय. पंप थांबला की तिथून हवा आत जाते आणि धार तुटते. चालू असताना त्या भोकातून थोडं पाणी उडतं, म्हणून ते टाकीच्या आतल्या बाजूला वळवून ठेवते.