नवा लॅपटॉप आणला की लगेच फॉरमॅट मारा म्हणणाऱ्यांनो, जरा दमानं

सावकाश:
परवा एकाची पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. "नवा लॅपटॉप आल्यावर पहिल्या तासात विंडोज पुसून कोरं टाकत नसाल तर कॉम्प्युटर वापरायची तुमची लायकी नाही, कंपनीनं भरलेल्या कचऱ्यावर जगा." खाली पन्नास अंगठे. तिथं लिहिणार होतो पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मी हे करून बसलोय. बहिणीचा लॅपटॉप, तिला फक्त अँटिव्हायरसचा तो "तुमचा संगणक धोक्यात आहे"वाला पॉपअप नको होता. मी उंटावरचा शहाणा, म्हटलं कशाला एकेक काढत बसायचं, कोरं विंडोज टाकू. पेनड्राइव्ह बनवला, इन्स्टॉलर सुरू केला, डिस्क निवडायच्या स्क्रीनवर आलो तर पांढरी रिकामी चौकट. एसएसडी, म्हणजे लॅपटॉपातली डिस्कच दिसेना! इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच मशीनवर व्हीएमडी नावाची डिस्क सांभाळणारी सोय चालू असते, तिचा आरएसटी ड्रायव्हर (ज्याच्याशिवाय इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही) पेनड्राइव्हवर सोडवून ठेवावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. टचपॅडही मेलेलं, टॅब आणि एंटर दाबत चाललो होतो. ते निस्तरलं तर पुढच्या स्क्रीनवर वायफायचा ड्रायव्हर नाही आणि विंडोज ११ म्हणतंय नेटला जोडा, त्याशिवाय पुढं जाऊ देणार नाही. शेवटी फोन केबलनं लावून त्याचं नेट दिलं. रात्रीचे दोन वाजले. बहीण शेजारी बसून विचारतेय, "दादा, पॉपअप काढायला एवढं लागतं?"

आणि खरी गंमत पुढं. कोऱ्या विंडोजचा डेस्कटॉप आला, पाच मिनिटांत कोपऱ्यात कंपनीची खिडकी उगवली, आमचं असिस्टंट इन्स्टॉल करायचं का? अरे मी डिस्क पुसलीय ना! तर डब्ल्यूपीबीटी नावाचा प्रकार असतो, बायोसमध्येच (विंडोजच्या आधी सुरू होणारं, मदरबोर्डवरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) एक प्रोग्राम ठेवलेला असतो आणि विंडोज सुरू होताना तो उचलून चालवतं. विंडोज ८ पासून आहे हे. म्हणजे केर काढून वळलो तर मागून पुन्हा केर.

माझं म्हणणं इतकंच, सेटिंग्जमध्ये जाऊन पाच-सात गोष्टी अनइन्स्टॉल करा. ट्रायलचा अँटिव्हायरस, गेम, शॉपिंगचे शॉर्टकट. अँटिव्हायरसवाल्यांचं स्वतःचं काढायचं टूल असतं ते चालवा, रीस्टार्ट केलं की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप जागा होतो. वीस मिनिटांचं काम. बाकी राहू द्या.

उलटा_स्क्रू:
ती पोस्ट माझी नाही पण ५१वा अंगठा माझा समजा.

"बाकी राहू द्या" म्हणजे काय राहू द्या? लेनोवोचं सुपरफिश विसरलात का? २०१५च्या फेब्रुवारीत उघड झालं. जाहिराती घुसवायला यांनी लॅपटॉपात स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कुठल्या साइटवर विश्वास ठेवायचा हे ब्राउझरला सांगणारा दाखला) टाकलं होतं आणि सगळ्या मशीनवर त्याची खासगी किल्ली एकच. एकदा कुणी ती फोडली की कॉफी पीत शेजारी बसलेला तुमच्या बँकेची खोटी साइट दाखवू शकतो आणि ब्राउझर कुलूप दाखवणार. वर प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी सर्टिफिकेट तिथंच राहत होतं!! तुमच्या वीस मिनिटांत ते निघालं असतं का? पुढं २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी आणि ३२ राज्यांशी तडजोड झाली, ३५ लाख डॉलर भरले, संपलं. त्याच २०१५च्या नोव्हेंबरात डेलचं ईडेलरूट, तोच घोळ.

तुम्हाला ड्रायव्हर आधी उतरवून ठेवायचं सुचलं नाही यात कोरं विंडोज टाकण्याचा, क्लीन इन्स्टॉलचा, काय दोष? नाचता येईना...

सावकाश:
अंगण वाकडं. कळलं. २०१५ची गोष्ट सांगून २०१५ नंतरच्या सगळ्यांना घाबरवायचं असेल तर चालू द्या.

बॅकस्पेस:
२०१५वर थांबू नका मग. २०१६ला ड्युओ या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी एसर, आसुस, डेल, एचपी, लेनोवो या पाचांचे अपडेटर तपासले, पाचही जणांत भोकं सापडली. २०१७ला एचपीच्या काही लॅपटॉपांतला कोनेक्झंटचा ऑडिओ ड्रायव्हर दाबलेली प्रत्येक कळ साध्या फाइलीत लिहून ठेवत होता. ड्रायव्हर हां, ज्याला आपण कचरा म्हणत नाही. म्हणजे उलटा_स्क्रू, तुमच्या क्लीन इन्स्टॉलनंतर साउंड चालावा म्हणून तुम्ही तोच ड्रायव्हर हौसेनं परत टाकला असता.

उलटा_स्क्रू:
हा मुद्दा मान्य. अर्धा.

मावशी_ऑनलाइन:
नवीन लॅपटॉप आहे, कोपऱ्यात सारखं लाल येतंय, ३० दिवस संपत आले म्हणून. काढू का? काढल्यावर व्हायरस आला तर?

फॅनचा_आवाज:
काढा मावशी. पण सगळ्यांना एक सांगतो, कंपनीचं ते मुख्य ॲप मात्र उडवू नका. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय त्यातच असते. मी कचरा म्हणून काढलं आणि दीड वर्ष चोवीस तास प्लगवर १०० टक्के, बॅटरी फुगून टचपॅड वर आला. वर म्हणजे अक्षरशः उचलला गेला, क्लिकच होईना.

टेकूराम:
८० टक्के हे निव्वळ फॅड आहे. पैसे १०० टक्क्यांचे मोजले, वापरायची ८०? मी सहा वर्षं प्लगवरच ठेवलाय, काही झालेलं नाही.

बॅकस्पेस:
लिथियम-आयनला पूर्ण भरलेलं राहणं आणि उष्णता, दोन्ही एकत्र सोसत नाही. फॅड कसलं. आणि फॅनचा_आवाज, बऱ्याच मशीनवर ही मर्यादा बायोसमधूनही लावता येते, ॲपची गरज नाही.

फॅनचा_आवाज:
बऱ्याच म्हणजे तुमच्या. माझ्या बायोसमध्ये तारीख आणि बूट ऑर्डर सोडून काही नाही.

पेंग्विनपुत्र:
विंडोज सोडून लिनक्स घ्या, त्यात एका फाइलीत ८० लिहिलं की झालं. ना ॲप ना कचरा. लिनक्सचं मिंट टाका आणि सुखी व्हा.

उलटा_स्क्रू:
आलाच का. मी वाटच बघत होतो.

टेकूराम:
बॅकस्पेस, पुस्तकी ज्ञान नको. सहा वर्षं. माझ्या हातातला लॅपटॉप. अनुभव.

बॅकस्पेस:
बरं अनुभवी, कमांड प्रॉम्प्ट उघडा, पॉवरसीएफजी लिहा, स्पेस, तिरकी रेघ, बॅटरीरिपोर्ट. एक एचटीएमएल फाइल बनेल. त्यात डिझाइन कपॅसिटी (बॅटरी नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण भरल्यावर मावतं ते) असे दोन आकडे असतात. दोन्ही इथं टाका.

टेकूराम:
कशाला? चालतोय ना.

बॅकस्पेस:
टाका की.

सावकाश:
अवांतर फार झालं हो. धागा बॅटरीचा नाहीये.

फॅनचा_आवाज:
नाही नाही, थांबा, आकडे बघायचेत.

टेकूराम:
डिझाइन ५१,०००. फुल चार्ज २२,४००. झालं समाधान? पण मी तो प्लगवरच वापरतो त्यामुळे मला फरक पडत नाही आणि सहा वर्षांत कमी होणारच.

बॅकस्पेस:
काही झालेलं नाही म्हणे :))) हहपुवा

टेकूराम:
हसा. ८० टक्केवाल्यांनीही आपापले आकडे टाका मग, नुसते दुसऱ्याचे काय बघता.

(यानंतर अकरा जणांनी आकडे टाकले, ते वाचायचे तर वाचा, मी धागाकर्ता म्हणून हात टेकले. - सावकाश)

शाईची_दौत:
मूळ विषयावर येते. सावकाशना माझा पाठिंबा, पण कारण वेगळं. माझ्या भाच्यानं नव्या लॅपटॉपवर "डीब्लोट" म्हणजे कचरा काढणारी स्क्रिप्ट चालवली, कुठूनतरी एक ओळ कॉपी करून पॉवरशेल या विंडोजच्या कमांड खिडकीत चिकटवली, ॲडमिन म्हणून. काळ्या खिडकीत भराभर ओळी पळाल्या, तो खूश. मग कळलं मायक्रोसॉफ्ट स्टोअर गेलं, त्याच्याबरोबर कॅल्क्युलेटर आणि फोटो उघडायचं ॲपही गेलं. ते दुरुस्त करायला बायोसमध्ये शिरून सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअर तपासणारी सोय) बंद करून पाहिलं, तर निळी स्क्रीन, डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की टाका. मी म्हटलं कसली की? मी कधी काही कुलूप लावलंच नव्हतं. विंडोजनं परस्पर लावलेलं, की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये, आणि ते अकाउंट भाच्यानं सेटअपच्या वेळी घाईत कुठल्यातरी मेलवर काढलेलं. चार दिवस ती निळी स्क्रीन बघत होते. की मिळाली शेवटी, पण त्या चार दिवसांचं काय?

उलटा_स्क्रू:
ताई, हा स्क्रिप्टचा आणि भाच्याचा दोष. कोरं विंडोज टाकलं असतं तर स्क्रिप्टची गरजच पडली नसती.

शाईची_दौत:
आणि कोऱ्या विंडोजमध्ये कचरा नसतो का? स्टार्ट मेन्यूत गेम, एक्सबॉक्स, बातम्या, ते लिंक्डइन कुणी मागितलं होतं? तुमचा कचरा कंपनीचा, माझा मायक्रोसॉफ्टचा, घरात दोन्ही. युरोपात कायदा आला तेव्हा २०२४ला मायक्रोसॉफ्टवाले त्यांचा एज ब्राउझर काढू द्यायला लागले, म्हणजे काढता येत होतं, फक्त देत नव्हते. आणि दर वेळी "दोष तुमचाच" म्हणायची तुमची जी पद्धत आहे ना, त्यामुळे माझ्यासारखी माणसं विचारायलाच येत नाहीत.

उलटा_स्क्रू:
मी कुणाला दोष दिला नाही. कंपन्या माजल्यात त्या "राहू द्या"वाल्यांमुळे, एवढंच म्हणतोय. २००८ला सोनी वायोचा कचरा न घालता लॅपटॉप द्यायला ४९.९९ डॉलर जादा मागत होती! घाण न करण्याचे पैसे! लोकांनी बोंब मारली तेव्हा फुकट केलं. बोंब मारली म्हणून. राहू द्या म्हटल्यानं नाही.

सावकाश:
हे मात्र पटलं, आणि तुमच्याकडून पटतंय याचं वाईट वाटतंय. बोंब मारायलाच हवी. पण बोंब कंपनीच्या नावानं मारा की, माझ्या बहिणीच्या नावानं का?

आणि एक, सेटिंग्जमधलं "रीसेट धिस पीसी" म्हणजे क्लीन इन्स्टॉल असं समजून कुणी ते करत असेल तर थांबा. कंपनीनं आपल्या गोष्टी रिकव्हरीत बांधून ठेवलेल्या असतात, रीसेट केलं की बऱ्याचदा सगळी वरात परत येते.

उलटा_स्क्रू:
बघा, म्हणजे करायचंच तर पेनड्राइव्हवरूनच. माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलंत, आभारी आहे. आणि लायसन्सची भीती नको, किल्ली फर्मवेअरमध्येच, म्हणजे त्या बायोसमध्ये, असते, इन्स्टॉलर आपणच वाचतो.

सावकाश:
करायचंच तर. च वर जोर.

पेंग्विनपुत्र:
मिंटला किल्लीच लागत नाही.

शाईची_दौत:
माझा प्रिंटर चालवून दाखवा मिंटवर, मग बोला.

पेंग्विनपुत्र:
मॉडेल सांगा.

मावशी_ऑनलाइन:
तुम्ही सांगितलं तसं काढण्याचं टूल चालवलं, लाल गेलं, धन्यवाद. डिफेंडर का काय ते हिरवी बरोबरची खूण दाखवतंय. जाताजाता कंपनीचं ते मोठं ॲपपण काढून टाकलं, भांडण वाचून कंटाळा आला होता. पण आता नवीनच झालंय. रात्रभर चार्जिंगला लावला तरी ८० च्या पुढं जात नाही. बिघडला का?