हळद-बेदाण्याच्या ऑनलाइन ऑर्डरी: गोदामात रॅक कसे लावावेत?

प्रश्न (सांगली, मार्केट यार्डाजवळ): ३० बाय ४० फुटांचं गोदाम, ६० प्रकारची पाकिटं, रोज दीडशे ऑर्डरी. माल शोधण्यातच वेळ जातो. रॅक वाढवू का?

उत्तर १: रॅक नंतर. आधी तीन महिन्यांच्या ऑर्डरी काढून कोणतं पाकीट किती वेळा उचललं जातं ते मोजा. किलो नव्हे, फेऱ्या. सर्वाधिक फेऱ्यांचे दहा-बारा प्रकार पॅकिंग टेबलाशेजारी, कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर. पाच किलोच्या पिशव्या खाली, वर फक्त रिकामे बॉक्स. दिसायला सारखी २०० आणि ५०० ग्रॅमची पाकिटं मात्र शेजारी नकोत, चुकीचा माल तिथूनच जातो.

उत्तर २: प्रत्येक खणाला पत्ता द्या. ब-०३-२ म्हणजे ब रांग, तिसरा रॅक, दुसरी फळी. दहा ऑर्डरींची एकच यादी खणांच्या क्रमाने छापा, ट्रॉलीवर दहा क्रेट. एका फेरीत काम होतं. भरणी मागून, उचल पुढून, म्हणजे जुना माल आधी जातो.

उत्तर ३: हळद पावडरीचा रॅक वेगळाच ठेवा बरं का! एक पाकीट फुटलं की बेदाण्याची सगळी पाकिटं पिवळी. बेदाण्याचा मोठा साठा कोल्ड स्टोरेजलाच, गोदामात आठवड्यापुरता. पावसाळ्यात पोती पॅलेटवर, भिंतीपासून दीड फूट लांब.