'शो मी लव्ह' मधली एलिन खोटं वागली का?

कोरं_पान:
काल रात्री 'शो मी लव्ह' पाहिला. स्वीडिश आहे, १९९८ चा, लुकास मूडिसनचा. शाळेतल्या दोन मुली. अ‍ॅग्नेसला पक्कं माहितीये की आपलं एलिनवर प्रेम आहे. एलिन नुसती कंटाळलेली, गावाला, पार्ट्यांना, सगळ्यालाच. पैजेपायी अ‍ॅग्नेसला किस करते आणि पळून जाते, मग त्याच रात्री कारच्या मागच्या सीटवर खरंखुरं किस होतं आणि त्यानंतर ही बया तिला टाळायला लागते, योहान नावाच्या मुलाबरोबर फिरते, त्याच्याबरोबर झोपते सुद्धा. मैत्रीण म्हणाली एलिन दुष्ट आहे, तिला सगळं कळत होतं. मी भांडले तिच्याशी. का ते मात्र सांगता येईना.

खरं सांगायचं तर मी पूर्ण वेळ एलिनलाच बघत होते. वय २९, आणि माझं नक्की काय ते मला अजून माहिती नाही. मुलगे आवडलेत. पण कॉलेजात एक मुलगी शेजारी येऊन बसली की मी वहीत तीच ओळ दोनदा लिहायचे, मग ते काय होतं? इतकी वर्षं न कळणं म्हणजे स्वतःशी खोटं बोलणं असतं का?

दुपारचं_ऊन:
अजिबात नाही गं. एलिनला माहिती असतं आणि तिने लपवलं असतं तर खोटं म्हटलं असतं. तिला त्या कारमध्ये काहीतरी झालं आणि त्याला काय म्हणायचं तेच कळेना, म्हणून जे सगळे करतात ते तिने करून पाहिलं, योहान. लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या किन्सीने १९४८ मध्येच ० ते ६ अशी पट्टी मांडली होती, एका टोकाला फक्त भिन्नलिंगी, दुसऱ्या टोकाला फक्त समलिंगी, आणि मधे बरीच माणसं. तुझी वहीतली ओळ खरी आणि आवडलेले मुलगेही खरे. एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

रानवाट:
मी थोडा वेगळा विचार करतो. एलिन दुष्ट नाही हे मान्य, पण तिच्या गोंधळाची किंमत अ‍ॅग्नेसने मोजली ना. वडील तिला समजवायला जातात की पंचवीस वर्षांनी चित्र वेगळं असेल, आणि ती म्हणते मला आत्ता सुखी व्हायचंय. मी शाळेत असताना अ‍ॅग्नेस होतो, त्यामुळे तिथे माझा घसाच दाटला. योहानही बिचारा साधा मुलगा. गोंधळायला पूर्ण मुभा आहे, फक्त समोरच्याला तेवढं तरी सांगा की मी गोंधळलोय.

संथ_लय:
रानवाट, पटलं. पण एलिन सांगणार कशी, तिच्या आजूबाजूला बघा. स्वीडनमध्ये समलिंगी संबंध १९४४ पासून गुन्हा नाही, १९७९ मध्ये आजारांच्या यादीतूनही काढलं, १९९५ मध्ये अशा जोडप्यांना नोंदणी करता यायला लागली. आणि त्याच देशात १९९८ च्या सिनेमात शाळेच्या कॉरिडॉरमध्ये 'लेस्बियन' ही शिवी आहे. कायदा येऊन जातो, कॉरिडॉर तसाच राहतो. म्हणून शेवटी दोघी शाळेच्या टॉयलेटमध्ये कडी लावून बोलतात, बाहेर सगळी शाळा दार बडवतेय, सगळ्यांना वाटतंय एलिनबरोबर आत कुणीतरी मुलगा आहे. दार उघडून ती अ‍ॅग्नेसला घेऊन त्या गर्दीतून चालत जाते तेव्हा मी अक्षरशः श्वास धरून बसले होते. आणि तिथेही स्वतःला काय म्हणायचं ते ती ठरवत नाही बघ, अ‍ॅग्नेस आपली कोण एवढंच सांगते.

कोरं_पान:
संथ_लय, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आत्ता शेवटचा सीन परत लावला, तो चॉकलेट दुधाचा. एलिन सांगत असते की पावडर जास्त पडते, मग अजून दूध ओतावं लागतं, मग परत पावडर, आणि अ‍ॅग्नेस शेजारी बसून नुसती ऐकतेय. दोनदा पाहिला. रानवाट, तुमचंही डोक्यात राहील. उद्या मैत्रिणीला भेटतेय, काल मी एलिनसाठी इतकी का भांडले ते तिला सांगणार आहे.