मदत हवी आहे : रशियाचे अध्यक्ष अपक्ष का लढतात?

मंडळी, एका गोष्टीत अडकलोय. येल्त्सिन १९९१ आणि १९९६ मध्ये अपक्ष लढले, ते समजू शकतो. डिसेंबर १९९५ च्या दूमा (रशियन संसदेचं कनिष्ठ सभागृह) निवडणुकीत झ्युगानोव्हचे कम्युनिस्ट पहिले आले होते आणि पंतप्रधान चेर्नोमिर्दिन यांचा 'आमचे घर रशिया' हा सरकारी पक्ष पार मागे पडला होता. असल्या पक्षाचा शिक्का कोण लावून घेईल!

पण पुतिनचं काय? 'संयुक्त रशिया' हा सत्ताधारी पक्ष हाताशी असूनही २००४, २०१८ आणि २०२४ ला अपक्षच. २०१२ ला मात्र पक्षाकडून. त्याआधी चार वर्षं ते पक्षाध्यक्ष होते, तेही सदस्य नसताना! (आपल्याकडे कार्यकर्ते ऐकून घेतील का?)

यामागे कायद्याची काही सोय आहे की निव्वळ प्रतिमेचा खेळ? रशियन राजकारणाचा अभ्यास असलेल्यांनी जरा उलगडून सांगा.