एचओ इंजिनावरचा छापील क्रमांक : एक अंक बदलावा की संपूर्ण क्रमांक?

रावपुरावासी

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे एचओ मापाची, म्हणजे १:८७ प्रमाणाची, जर्मन रेल्वेच्या २१८ वर्गाच्या लाल डिझेल इंजिनाची दोन मॉडेल आहेत. पहिले मी स्वतः घेतले होते आणि दुसरे, मला ते आवडते हे ठाऊक असल्यामुळे, जावयांनी परदेशातून येताना आणले. दोन्हींवर २१८ ३८१-२ हाच क्रमांक निघाला. ही इंजिने प्रत्यक्षात पुष्कळदा जोडीने गाडी ओढतात, आणि गच्चीवरच्या खोलीतल्या रुळांच्या मांडणीवर मलाही तशीच जोडी चालवायची आहे. पण एकाच क्रमांकाची दोन इंजिने एका गाडीला लागलेली पाहिली की मनाला खटकते. एका इंजिनावरच्या ३८१ मधला १ काढून तेथे ४ बसवावा, म्हणजे २१८ ३८४-२ होईल, असा माझा विचार आहे.

खालच्या लाल रंगाला धक्का न लावता पांढरा छापील अंक कसा काढावा? पूर्वी एका जुन्या डब्यावर मी नेलपॉलिश काढण्याचे द्रव वापरले होते. अक्षरे गेली, पण प्लॅस्टिकही मऊ पडले आणि त्यावर माझ्या बोटाचा ठसा कायमचा उमटला. म्हणून या वेळी आधी विचारतो आहे.

दांडियाबाजार_लाइन

नमस्कार. नेलपॉलिशच्या द्रवात बहुधा ॲसिटोन असते आणि ते पॉलिस्टायरीन व एबीएस ही दोन्ही प्लॅस्टिके विरघळवते, त्यामुळे ते मॉडेलच्या जवळही आणू नये. कारखान्यात हे अंक पॅड छपाईने उमटवतात : कोरलेल्या पट्टीवरची शाई सिलिकॉनचा मऊ गोळा उचलतो आणि इंजिनावर दाबतो. हा शाईचा थर अतिशय पातळ असतो आणि मूळ रंगाच्या वर बसलेला असतो, म्हणूनच तो निघू शकतो.

मी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. इंजिनाचे वरचे कवच वेगळे करून आधी त्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला रंगाचा थोडा अंश असेल तेथे एक थेंब लावून पाच मिनिटे वाट पाहावी. रंग चिकट झाला, तर पुढे जाऊ नये. नाही झाला, तर टूथपिकचे टोक दातांनी किंचित चावून कुंचल्यासारखे करावे, अल्कोहोलमध्ये बुडवून टिश्यूवर टिपावे आणि केवळ त्या अंकावरून हलक्या हाताने फिरवावे. सुरुवातीला काहीच होत नाही असे वाटते; मग अंकाची कडा मळकट होते, पांढरा रंग दुधाळ होऊन टोकाला लागतो आणि त्याखालून लाल दिसू लागतो. त्या क्षणी थांबून टोक बदलावे, कारण मळलेल्या टोकाने तीच शाई पुन्हा लाल रंगात घासली जाते आणि गुलाबी डाग राहतो. घाई केली की रंगाचा थर फाटतो, हे मी दोनदा अनुभवले आहे. ब्लेडने खरवडणे मात्र कोणी सुचवले तरी करू नये.

मकरपुरा_यार्ड

वरील पद्धत उत्तम आहे, परंतु रावपुरावासी, तुमचा क्रमांकच चुकतो आहे. संयोगचिन्हानंतरचा अंक इंजिनाच्या क्रमांकाचा भाग नसून तो तपासणी अंक आहे. जर्मन रेल्वेने १ जानेवारी १९६८ पासून संगणकासाठी ही पद्धत लागू केली. सहा अंकांना क्रमाने १, २, १, २, १, २ यांनी गुणायचे, गुणाकार दोन अंकी आला तर त्याचे अंक वेगळे मोजायचे, सर्वांची बेरीज करायची आणि पुढच्या दशकापर्यंत जितके उरतात तो शेवटचा अंक. २१८ ३८१ साठी २, २, ८, ६, ८, २ यांची बेरीज २८ येते, म्हणून शेवटी २. तुमच्या २१८ ३८४ साठी शेवटचा गुणाकार ८ होतो, बेरीज ३४ होते आणि तपासणी अंक ६ येतो. म्हणजे योग्य क्रमांक २१८ ३८४-६. पहिल्या सहांपैकी कोणताही एकच अंक बदलला की तपासणी अंक बदलतोच. तशीच त्याची रचना आहे. आपल्याकडच्या मालडब्यांच्या अकरा अंकी क्रमांकातही शेवटचा अंक तपासणीचाच असतो.

२००७ नंतरच्या रूपाचे मॉडेल असेल, तर बाजूला खाली बारीक अक्षरांत ९२ ८० १२१८ असा सुरू होणारा बारा अंकी क्रमांकही असेल. त्यात ९२ म्हणजे डिझेल इंजिन आणि ८० म्हणजे जर्मनी. त्याचा तपासणी अंक वेगळा काढावा लागत नाही, कारण सुरुवातीला जोडलेल्या ९, २, ८, ०, १ या पाच अंकांची बेरजेतली भर बरोबर २० होते आणि शेवटचा अंक तोच राहतो. तोही बदलायचा विसरू नका.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. क्रमांक निवडण्याआधी त्या इंजिनाचे त्याच रंगातले छायाचित्र शोधावे. २१८ २१७-८ हे इंजिन टीईई (ट्रान्स युरोप एक्सप्रेस) गाड्यांच्या लाल-मलई रंगात रंगवले गेले होते. असा विशेष क्रमांक दुसऱ्याच काळातल्या व रंगातल्या मॉडेलवर नकळत लागला, तर जाणकाराला ते लगेच दिसते. बाजूला छापलेले आगाराचे नाव आणि तपासणीची तारीखही त्याच छायाचित्राशी पडताळून घ्यावी. आपल्या वडोदरा शेडच्या इंजिनावर बीआरसी लिहिलेले असते आणि दुसऱ्या शेडचा क्रमांक त्याशेजारी आपल्याला चालणार नाही, तसेच हे आहे.

फतेहगंज_एचओ

माझे मत थोडे वेगळे आहे. दोन अंक बदलायचेच असतील, तर संपूर्ण क्रमांक काढून नवा लावावा. कारखान्याचा पांढरा आणि डीकॅलचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पातळ पट्टीचा, पांढरा कधीच तंतोतंत जुळत नाही, आणि एका ओळीत दोन वेगळे पांढरे आले की फरक भिंगाशिवायही दिसतो. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, त्यामुळे छापलेले पाण्याचे डीकॅलच मागवावे लागतील. मागवण्यापूर्वी उंची मोजा : खरा अंक २०० मि.मी. असेल, तर १:८७ मध्ये तो २.३ मि.मी. होतो.

जागा साफ झाल्यावर तेथे चकचकीत वॉर्निशचा पातळ हात द्यावा, कारण खडबडीत पृष्ठभागावर डीकॅलखाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी झाक दिसते. मास्किंग टेपची पट्टी आडवी लावून तिच्या कडेवर अंकांचे पाय टेकवले, की ओळ वाकडी होत नाही. शेवटी मॅट वॉर्निशची फवारणी. ती मात्र सध्याच्या आषाढातल्या दमट हवेत करू नये, वॉर्निश पांढरट पडते. दसऱ्यानंतर, कोरड्या हवेत करावी.

रावपुरावासी

सर्वांचे मनापासून आभार. तपासणी अंकाविषयी मला काहीच ठाऊक नव्हते. चुकीचा क्रमांक लावून मी तो वर्षानुवर्षे समाधानाने पाहत राहिलो असतो. दोन्ही बाजू आणि दोन्ही तोंडे अशा चारही ठिकाणचा क्रमांक पूर्ण काढायचे ठरवले आहे. आज आतल्या बाजूला थेंब लावून पाहिला, रंग टिकला. जुन्या डब्यावर टूथपिकचा सरावही केला आणि तुम्ही म्हणता तशी दुधाळ कडा दिसली. दांडियाबाजारकाका, एक शंका उरते : दोन्ही इंजिनांचा डीसीसी पत्ता, म्हणजे डिजिटल नियंत्रकाने इंजिन ओळखण्याचा क्रमांक, ३ आहे. तो नव्या क्रमांकानुसार ठेवता येईल का?

दांडियाबाजार_लाइन

येईल. दोन अंकी पत्ता सीव्ही १ मध्ये (सीव्ही म्हणजे इंजिनातल्या चिपमधला सेटिंगचा कप्पा) बसतो, पण मी शेवटचे चार अंक घेऊन ८३८४ असा लांब पत्ता देतो. तो सीव्ही १७ व १८ मध्ये जातो आणि सीव्ही २९ मध्ये लांब पत्त्याची खूण करावी लागते. बहुतेक नियंत्रक हे आपोआप करतात. प्रोग्रामिंगच्या रुळावर त्या वेळी एकच इंजिन ठेवा, नाहीतर दोघांनाही तोच पत्ता मिळेल.